भुईमूग-सोयाबीनला मित्रबुरशी कशी वापरायची: उकिरड्यापासून घाण्यापर्यंत, आमच्या कागल भागातल्या अनुभवावरनं

भुईमूग चांगला तरारलेला असतो, आऱ्या (शेंगेसाठी मातीत शिरणारे कोंब) सुटायला लागलेल्या असतात आणि एका सकाळी रानात जावं तर मधलीच दोन-चार झाडं मान टाकून बसलेली. उपटायला गेलं की बुडक्यातनं तुटून हातात येतात. बुडाला पांढरी जाळी, त्यात मोहरीएवढे दाणे, काही पांढरे काही तांबूस. आमच्याकडं याला नुसतं "मर लागली" म्हणतात आणि लगेच दुकान गाठतात, आणि आजकाल दुकानदार पण ट्रायकोडर्माचा, म्हणजे रोगाच्या बुरशीला खाणाऱ्या मित्रबुरशीचा, पुडा हातात देतो, "जैविक आहे, ओता बुडात" म्हणून. ओततात. काही होत नाही. मग "जैविक काय कामाचं नाही बघा" हे गावभर होतं.

तर आधी एकच गोष्ट डोक्यात घ्या, मित्रबुरशी हे औषध नाही, विरजण आहे. फाटलेल्या दुधात विरजण घालून दही लागत नाही तसं रोग पसरल्यावर ट्रायकोडर्मा ओतून मेलेलं झाड उठत नाही. विरजण आधी लावावं लागतं, त्याला ऊब लागते, वेळ लागतो, आणि गरम दुधात घातलं तर ते मरतं. पुढं जे सगळं लिहिलंय ते याच हिशोबानं वाचा, आणि हे काम मिरगाला नाही तर एप्रिल-मे मध्ये चालू होतं.

कुठली बुरशी कशाला

बाजारात नावं भरपूर आहेत, पण आपल्या गळिताच्या पिकांना खरं काम तीन-चार जणींचंच.

ट्रायकोडर्मा (व्हिरिडी किंवा हर्जियानम) ही जमिनीतल्या रोगांसाठी. खोडकूज, मूळकूज, कॉलर रॉट, सोयाबीनची चारकोल रॉट, करडईची मर. ही रोगाच्या बुरशीच्या तंतूला वेलासारखी वेटोळे घालते, त्याची भिंत विरघळवते आणि आतलं खाते. वाइंडलिंग नावाच्या शास्त्रज्ञानं १९३२ सालीच हे दाखवून दिलं होतं, म्हणजे नवीन फॅड वगैरे काही नाही. शिवाय मुळाभोवती जागा धरून बसते त्यामुळं शत्रूबुरशीला घुसायला जागाच उरत नाही, आणि ही जागा धरायचीच खरी शर्यत आहे, म्हणून तर आधी पोचायला लागतं.

मेटारायझियम ही हुमणीसाठी, म्हणजे जमिनीत राहून मुळं खाणाऱ्या अळीसाठी. हिची गोष्ट मला फार आवडते. १८७९ साली मेचनिकॉफनं (ज्याला पुढं १९०८ चं नोबेल मिळालं तोच) ही बुरशी युक्रेनच्या ओडेसा भागात गव्हाच्या एका भुंग्यावर शोधली. त्या भुंग्याचं नाव अ‍ॅनिसोप्लिया, म्हणून बुरशी मेटारायझियम अ‍ॅनिसोप्ली. आणि तो भुंगा आपल्या हुमणीच्या भुंगेऱ्याच्याच घराण्यातला! म्हणजे पुड्यावर छापलेल्या नावातच हिचं काम लिहिलेलं आहे.

नोमुरिया रिलाय ही सोयाबीनवरच्या अळ्यांसाठी (आता हिलाही मेटारायझियम रिलाय म्हणतात, पुड्यावर दोन्हीपैकी कुठलंही नाव दिसेल). बिव्हेरिया पण अळ्यांवर चालते, पण ती रेशीमकिड्यालाही मारते, बास्सीनं १८३५ साली हिचा शोध रेशीमकिड्याच्या रोगातनंच लावला, तेव्हा शेजारी कुणाचं तुतीचं रान असेल तर बिव्हेरियाचं नाव काढू नका. मावा, पांढरी माशी यांना लेकॅनिसिलियम (जुनं नाव व्हर्टिसिलियम), ५ ग्रॅम लिटरला, संध्याकाळी, एवढं पुरे.

मायकोरायझा ही वेगळीच. ती रोगाशी भांडायला कमी आणि मुळाचे हात लांब करायला जास्त, दूरचा स्फुरद ओढून आणते. पण दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, ती जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही, त्यामुळं ड्रममध्ये गूळ-बेसन घालून मायकोरायझा "डबल" करायचे व्हिडिओ बघून फसू नका, त्या ड्रममध्ये वाढतं ते दुसरंच काहीतरी. दोन, ज्या रानात वर्षानुवर्षं उसाला डीएपीची पोती ओतलीत तिथं स्फुरद आधीच भरपूर साठलेला असतो आणि मग झाड या बुरशीला थारा देत नाही. तेव्हा माती परीक्षणात स्फुरद जास्त निघाला तर मायकोरायझावर पैसे घालू नका. मोहरी लावणार असाल तरी नको, मोहरीच्या मुळात ती बसतच नाही.

पुडा जिवंत आहे का ते आधी बघा

एका वर्षी मी ट्रायकोडर्मा एका दुकानातनं आणला. पत्र्याच्या शेडमध्ये वरच्या फळीवर होता, मे महिना, पत्रा हात लावू देत नव्हता. तारीख संपलेली नव्हती म्हणून घेतला, सगळं विधिवत केलं, आणि त्या वर्षी भुईमुगाच्या दोन पट्ट्या मर लागून गेल्या. पुढच्या वर्षीपासनं मी पुडा तपासल्याशिवाय वापरत नाही.

तपासायचं कसं, तर दोन काचेच्या बरण्या उकळत्या पाण्यानं धुवायच्या, दोन्हीत मूठभर मोकळा भात घालायचा, गिच्च नको, दाणा सुटा पाहिजे. गार झाला की एका बरणीत पुड्यातली चिमूटभर पावडर शिंपडायची, दुसरी तशीच ठेवायची. तोंडाला स्वच्छ फडकं बांधून सावलीत ठेवायच्या. दोन-तीन दिवसात पावडरीच्या बरणीत पांढरा कापूस दिसतो, चार-पाच दिवसात तो हिरवा व्हायला लागतो, आणि बऱ्याच वेळा खोबऱ्यासारखा वास येतो, तो वास एकदा ओळखला की विसरत नाही. काळी, निळसर किंवा गुलाबी बुरशी आली, किंवा दोन्ही बरण्यांत सारखंच आलं, तर पुड्याचा भरवसा नाही. तो भात जनावराला घालू नका, पुरून टाका.

घेताना पुड्यावर बॅच, तयार केल्याची तारीख आणि सीएफयू म्हणजे एका ग्रॅममध्ये जिवंत बुरशी किती ते वाचा. ट्रायकोडर्माच्या १ टक्का पावडरीत ग्रॅमला किमान २० लाख पाहिजेत, मेटारायझियमचे चांगले पुडे ग्रॅमला १० कोटीचे असतात. कृषी विद्यापीठाच्या केंद्रातनं मिळालं तर सोन्याहून पिवळं. आपल्याकडं कोल्हापूरचं कृषी महाविद्यालय आहे, कणेरीला कृषी विज्ञान केंद्र आहे, सांगलीकडच्या लोकांना कसबे डिग्रज जवळ, आधी फोन करून चौकशी करा. आणल्यावर देव्हाऱ्याखालच्या कपाटात नाहीतर माठाशेजारी थंड जागी ठेवा, गाडीच्या डिकीत उन्हात दिवसभर फिरवू नका.

मे महिना: शेणखताला विरजण

हे काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एकरी १०० किलो पूर्ण कुजलेलं शेणखत घ्या. पूर्ण कुजलेलं म्हणजे मुठीत घेतलं तर भुसभुशीत, वास मातीचा, आणि ढिगात हात घातला तर गार. गरम लागलं तर थांबा, ढीग अजून पेटलेला आहे आणि त्यात घातलेली बुरशी शिजून मरते. ज्यांना साखर कारखान्याचा प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) मिळतो त्यांनी तो वापरला तरी उत्तम, ट्रायकोडर्माला तो फार मानवतो, पण ताजा प्रेसमड तर शेणखताहून गरम, तो दोन-तीन महिने कुजवूनच घ्या.

झाडाच्या सावलीत नाहीतर गोठ्याच्या कडेला हे खत वीतभर जाडीनं पसरा. दोन किलो ट्रायकोडर्मा गुळाच्या पाण्यात कालवून त्यावर शिंपडा, खोऱ्यानं वरखाली करा. ओलावा एवढाच की मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण बोटातनं पाणी गळू नये. वरनं ओलं गोणपाट. दर तीन-चार दिवसांनी गोणपाट उचलून वरखाली करायचं, कोरडं वाटलं तर पाण्याचा हबका मारायचा. पंधरा दिवसात खतावर पांढरट-हिरवी साय धरलेली दिसते. आमच्या आईला पहिल्या वर्षी वाटलं खत नासलं, तिनं अर्धं उकिरड्यावर टाकून दिलं होतं. ते नासलेलं नसतं, तेच पाहिजे असतं.

हेच खत पेरणीच्या वेळी सरीत किंवा शेवटच्या कुळवणीच्या आधी पसरायचं, पण जमिनीत ओल पाहिजे. कोरड्या तापलेल्या रानात पसरलं तर केलेली सगळी मेहनत उन्हात गेली म्हणायची, वळीव होऊन घात आली की मगच. पसरल्यावर लगेच मातीत झाका.

शिरोळकडच्या चोपण, क्षारपड रानात ट्रायकोडर्मा जरा हळू चालतो कारण त्याला किंचित आंबट माती आवडते, तिथं शेणखत दीडपट-दुप्पट घ्या. आजरा-चंदगडच्या तांबड्या मातीत तो खूश असतो. आणि उसाच्या खोडव्यानंतर सोयाबीन करणार असाल तर पाचट जाळू नका हो, त्या आगीत जमिनीच्या वरच्या थरातली आपली आणि शत्रूची अशी सगळीच बुरशी जाते, आणि परत येताना नेमकी शत्रूचीच आधी येते.

पेरणीच्या आदल्या दिवशी: बीजप्रक्रिया

प्रमाण सोपं आहे, किलोला ५ ग्रॅम. सोयाबीनचं एकरी ३० किलो बियाणं म्हणजे १५० ग्रॅम, भुईमुगाचं ४० किलो धरलं तर २०० ग्रॅम. करडईला मर जास्त लागते म्हणून तिथं १० ग्रॅम.

चूक होते ती प्रमाणात नाही, हातात होते. भुईमुगाच्या दाण्याचं लाल साल किती पातळ असतं ते तुम्हाला माहीत आहे, चोळलं की सुटतं, आणि साल सुटलेला दाणा जमिनीत कुजतो, मग बीजप्रक्रियाच रोगाला आमंत्रण. सोयाबीनचं तर त्याहून नाजूक, पाणी जास्त झालं की सालीला सुरकुत्या पडतात आणि उगवण निम्म्यावर येते. म्हणून एक लिटर पाण्यात सव्वाशे ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा, त्यातलं किलोला फक्त १० मिली, म्हणजे ३० किलोला ३०० मिली, एवढंच घ्या. सावलीत ताडपत्रीवर बियाणं पातळ पसरा, पाणी शिंपडा, पावडर भुरभुरा, मग दोघांनी ताडपत्रीची चार टोकं धरून झोका दिल्यासारखं हळूहळू हलवा. हातानं कालवायचंच असेल तर बोटं पसरून खालनं वर उचला, चोळू नका. दाण्यावर राखेसारखा पातळ थर बसला की झालं. तासभर सावलीत सुकवा. उन्हात नाही.

त्यावर रायझोबियम (हवेतला नत्र देणारं) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारं) लावायचं, १० किलोला २५० ग्रॅमचं एक पाकीट. हे जिवाणू, यांचं ट्रायकोडर्माशी जमतं. फक्त रायझोबियमचं पाकीट पिकाचं नाव वाचून घ्या, सोयाबीनचं भुईमुगाला चालत नाही.

आणि कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलेलं बियाणं आणि ट्रायकोडर्मा हे एकत्र कधीच नाही. कार्बेन्डाझिम बुरशी मारायलाच केलेलं आहे, त्याला मित्र-शत्रू कळत नाही. विकतच्या बियाण्याला बऱ्याचदा रंगीत बुरशीनाशक आधीच लावलेलं असतं, पिशवीवर वाचा. तसं असेल तर बियाण्याला ट्रायकोडर्मा लावायचा हट्ट सोडा, तो शेणखतातनं जमिनीत द्या.

वळीव ते श्रावण: हुमणी

आपल्या जिल्ह्यात हुमणी उसाची म्हणून बदनाम, पण भुईमुगाची मुळं आणि कोवळ्या शेंगा ती जास्त आवडीनं खाते, आणि ऊस-भुईमूग शेजारी-शेजारी असले की बांध काही तिला अडवत नाही.

वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की त्याच दिवसापासनं संध्याकाळी साडेसात-आठला कडुलिंब, बाभळीखाली जाऊन बघा, भुंगेरे पाला खायला जमलेले असतात. फांद्या हलवून खाली पडलेले गोळा करायचे, रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. एकट्यानं करून उपयोग नाही, गल्लीतल्या पोरांना घेऊन आठ-दहा संध्याकाळी सलग करा. नदीकाठची जी हुमणी आहे, पंचगंगा-वारणेच्या काठच्या रानातली, तिचे भुंगेरे झाडावर फारसे गोळा होत नाहीत आणि तिला वाढायला दोन वर्षं लागतात, त्यामुळं तिथं तर बुरशीवरच जास्त भर द्यावा लागतो.

मेटारायझियम हेक्टरी २० किलो, म्हणजे एकरी ८ किलो, ट्रायकोडर्मासारखंच चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून पेरणीच्या वेळी सरीत. जून-जुलैमध्ये अळी बारीक असते, कातडी पातळ असते, तेव्हाच बुरशी आत शिरते. भाद्रपदात करंगळीएवढी जाड झालेली अळी बघून पळत सुटणाऱ्यांना सांगतो, तेव्हा ती मरत नाही असं नाही पण तोवर तिनं खायचं ते खाल्लेलं असतं. जुलैच्या शेवटाला परत एकदा, जमीन ओली असताना, मेटारायझियम पाण्यात कालवून बुडक्यापाशी ओतलं (आळवणी केली) तर दुसऱ्या फळीतल्या अळ्या सापडतात.

निकाल लगेच मागू नका, पंधरा दिवस-महिना द्या. मग भांगलताना एखादी अळी अशी सापडते की हालत नाही, लाकडासारखी कडक, अंगावर आधी पांढरा कापूस आणि नंतर गडद हिरवी पूड, शेवाळ लागल्यासारखी. ती काढून फेकू नका! त्या एका अळीवर पुढच्या कितीतरी अळ्यांपुरती बुरशी असते, परत मातीत पुरा. (उकिरड्यात ज्या जाडजूड पांढऱ्या अळ्या दिसतात त्या बऱ्याचदा गेंड्या भुंग्याच्या असतात, त्या कुजकं खातात, पिकाची मुळं नाही.)

श्रावण-भाद्रपद: सोयाबीनवरची अळी

आपल्या पावसाळी हवेचा हा एकच मोठा फायदा, नोमुरिया इथं आपसूक येते. सोयाबीनच्या वरच्या पानावर एखादी अळी खडूसारखी पांढरी, ताठ होऊन चिकटलेली दिसली की समजा, ती आली. दोन-तीन दिवसात तीच अळी फिक्कट हिरवी पडते, म्हणजे बीजाणू (बुरशीचं बी) सुटायला लागले. अशा अळ्या जागोजागी दिसत असतील तर त्या आठवड्यात कीटकनाशकाचा पंप बाहेर काढू नका, आणि बुरशीनाशक तर नाहीच नाही, दर दोन दिवसांनी नुसतं फिरून जिवंत अळ्या मोजा.

आपसूक आली नाही तर विकतची ४ ग्रॅम लिटरला, एकरी २०० लिटर पाणी धरलं तर ८०० ग्रॅम. अळ्या बारीक असतानाच, पानाला जाळी पडायला लागली की लगेच. संध्याकाळी पाचनंतर, कारण उन्हानं बीजाणू मरतात आणि रात्रीच्या दवात ते रुजतात. पानाच्या खालनं फवारा लागला पाहिजे. थोडं स्टिकर (पानाला चिकटवणारं द्रव) घाला. पंप बुरशीनाशकाचा असेल तर साबणानं दोन-तीनदा धुवा, नाहीतर सरळ शेजाऱ्याचा मागून आणा. कुठल्याही बुरशीनाशकाच्या फवारणीच्या अलीकडं-पलीकडं पंधरवडा सोडा.

जिथं हे चालत नाही

तांबेरा, म्हणजे पानावर तांबूस डाग पाडणारा रोग. आपल्या कोल्हापूर-सांगली पट्ट्याला सोयाबीनचा तांबेरा फार छळतो आणि त्याला मित्रबुरशीचा उपयोग नाही, हे मी स्पष्ट लिहितो. त्याला तांबेऱ्याला तग धरणारं वाण घ्या, कसबे डिग्रजचं फुले संगम (केडीएस ७२६) त्यासाठीच लोक लावतात, आणि तरी डाग दिसले तर शिफारशीचं बुरशीनाशक वेळेत मारा. तेव्हा नोमुरिया जाईल, जाऊ दे, पीक वाचवायचं आहे. भुईमुगाच्या टिक्क्याचंही (पानावरच्या ठिपक्यांच्या रोगाचंही) तेच, बुरशीनाशकच. आणि सुरुवातीला म्हटलं ती पांढरी जाळीची मर दिसलीच, तर ते झाड बुडाच्या मातीसकट घमेल्यात काढून रानाबाहेर न्या, ते मोहरीएवढे दाणे वर्षानुवर्षं जमिनीत जिवंत राहतात. तिथं खड्ड्यात आणि आजूबाजूच्या हातभर जागेत ट्रायकोडर्माचं खत घाला, शेजारची झाडं वाचतात. भर देताना खोडावर माती आणि पालापाचोळा चढवू नका, ही बुरशी ओल्या पाचोळ्यावरनंच खोडात चढते.

काढणी

इथंही बुरशीचाच विषय आहे, पण वाईट बुरशीचा. हुमणी-वाळवीनं टोकरलेल्या शेंगेतनं अस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी आत शिरते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची लाखभर पिल्लं मेली आणि कारण निघालं भुईमुगाची पेंड, तिथनं हे विष जगाला कळलं. म्हणजे पेरणीच्या वेळी हुमणीला आवरलं की काढणीच्या वेळचं अर्धं काम झालेलं असतं. उरलेलं अर्धं वाळवण्यात.

उपटलेले वेल शेंगा वर करून ठेवा, मातीला टेकू देऊ नका. शेंगा तोडल्यावर पातळ पसरून वाळवा, ओल ८ टक्क्यांच्या खाली यायला पाहिजे, मीटर नसेल तर शेंग कानापाशी हलवा, दाणा खुळखुळ वाजला पाहिजे, आणि दाणा दोन बोटांत चोळल्यावर साल सहज सुटलं पाहिजे. परतीच्या पावसात भिजलेल्या शेंगा वाळलेल्यात मिसळू नका. बियाण्याच्या शेंगा टरफलासकट ठेवा, पेरणीच्या आठवडाभर आधीच फोडा.

घाण्याला दाणे द्यायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी बसून काळपट, सुरकुतलेले, हिरवट-पिवळी बुरशी धरलेले दाणे निवडून काढा. तेवढ्यासाठी तेल कमी निघालं तर निघू दे, कारण लाकडी घाण्याच्या तेलात ते विष थोडंफार उतरतं आणि उरलेली पेंड म्हशीच्या पुढ्यात जाते, तिच्या दुधातनं ते परत आपल्याच पोरांच्या पेल्यात येतं. निवडून काढलेले ते वाईट दाणे कोंबड्यांनाही टाकू नका, खोल खड्डा काढून पुरा.